मागच्या भेटीबद्दल आभार

पेडरने ती मोळी स्वतःच्या खांद्यावरून आणली आणि ब्रेक्क्यांच्या दूधघरात खाली टाकली. लाकडं पडावीत तसा आवाज झाला. आत गोठ्यात हाल्वर ब्रेक्के धार काढत बसला होता. त्याने मान वळवली नाही.

"मागच्या भेटीबद्दल आभार, हाल्वर," पेडर म्हणाला.

हाल्वरने चरवी पुढच्या गाईखाली सरकवली.

ह्या मुलखात दोन माणसं भेटली की आधी हवापाण्याचं बोलत नाहीत, प्रकृतीचं तर नाहीच. आधी मागच्या भेटीबद्दल आभार मानायचे. मागच्या भेटीत त्याने तुम्हाला लंगडा घोडा गळ्यात मारला असेल तरी मानायचे. बापजादे नॉर्वेहून मिनेसोटात आले तेव्हा गाठोड्यात बायबल, चरख्याचं चाक आणि ही सवय घेऊन आले. बायबलं कसरीने खाल्ली, चरखे माळ्यावर गेले, सवय राहिली. तीच सवय हाल्वरने आपल्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यापुरती तेवीस वर्षं बंद ठेवली होती. त्याच्या हिशेबी पेडर त्वाइटची आणि त्याची मागची भेट म्हणजे १९१८ सालच्या शरदातली ती रात्र. त्यानंतर ते दोघे चर्चमध्ये भेटले, लग्नांत भेटले, शवपेट्या उचलताना भेटले. हाल्वरने त्यातली एकही भेट धरली नाही.

त्या रात्री गावच्या देशभक्तांनी हाल्वरच्या कोठाराच्या उत्तरेच्या भिंतीला पिवळा रंग फासला होता. पिवळा म्हणजे भेकड, पिवळा म्हणजे फितूर. हाल्वर शेतकऱ्यांच्या सभेत उठून म्हणाला होता, की युरोपातल्या राजांच्या भांडणात आमची पोरं कशाला? म्हणून पिवळा. त्या वेळी त्याचा धाकटा भाऊ आंदेर्स फ्रान्सच्या चिखलात अमेरिकेच्याच वर्दीत लढत होता, हे फासणाऱ्यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं. रंग वाळायच्या आत आंदेर्स गेल्याची तार आली. पेडरने ब्रश धरला नव्हता. पेडरने कंदील धरला होता. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि पेडरनेही ते कधी नाकारलं नाही.

हाल्वरने ती भिंत पुन्हा रंगवली नाही. कोठाराच्या तीन बाजू दर काही वर्षांनी लाल होत. चौथी फिकट पिवळी, उन्हापावसाने चट्टे पडलेली, तशीच होती. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती दिसायचीच.

"लोफोटेनचा मासा आहे, वहिनी," पेडर आता दूधघरात उभ्या असलेल्या हाल्वरच्या बायकोकडे, बोर्गहिल्डकडे वळून म्हणाला. "जर्मन घुसायच्या आधी आलेला. दुकानामागच्या गोदामात ठेवून दिला होता. आता तिकडून काडी येणार नाही. चर्चच्या जेवणाला यंदा सगळा न्यूफाउंडलंडचा मासा आहे, पण म्हटलं तिकडे जन्मलेल्यांच्या टेबलावर तरी हा असावा."

बोर्गहिल्ड वाकली आणि तिने मोळीला नाक लावलं. लाकडासारखा कडक, सुका कॉड. ती नॉर्वेच्या त्या लोफोटेनमधल्याच एका बेटावरून, अंगावर एक बरा झगा घेऊन, लग्नाच्या वयाची होऊन ह्या देशात आली होती. तिचा भाऊ येन्स अजून तिकडेच होता, असेच मासे शेपटीला शेपटी बांधून मांडवावर वाळत घालायचा. मार्चपासून त्याची खबर नव्हती. ही मोळी त्याच्या मांडवावरची नसेल कशावरून?

"आभार, भावोजी," ती म्हणाली, आणि तिने मोळीवरची धूळ अॅप्रनने पुसली.

*

लुटफिस्क करणं म्हणजे शहाण्या माणसाने करू नये असं काम आहे. तो लाकडी मासा करवतीने कापायचा, पिंपात पाण्यात भिजत घालायचा, मग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवायचा. त्यात तो फुगतो, काचेसारखा होतो. मग वेळेवर ते जहरी पाणी ओतून द्यायचं आणि ताज्या पाण्याने धूत राहायचं. वेळ साधली तर लोण्याबरोबर असा घास दुसरा नाही. वेळ चुकली तर मासा राहत नाही, साबण होतो. बोर्गहिल्डच्या हातून तो आजवर कधी बिघडला नव्हता, म्हणून ही मोळी तिच्याकडे आली होती. पिंपं हलवायची, पाणी ओतायचं, ते मात्र बाप्यांचं काम. हाल्वर आणि त्यांचा मुलगा सिगुर्द ते दरवर्षी करत.

सोड्याचं पाणी ओतायच्या दिवशी बोर्गहिल्ड पहाटेच चर्चच्या तळघरात गेली. बटाट्याच्या पातळ पोळ्या, लेफ्से, लाटायच्या होत्या, साऱ्या गावाला पुरतील इतक्या. तिची नणंद इंगेबोर्ग, पेडरची बायको, समोर तव्यापाशी लांब पट्टीने पोळ्या उलटत होती.

"मागच्या भेटीबद्दल आभार, वहिनी."

"मागच्या भेटीबद्दल आभार, वन्सं. पीठ कमी लाव, जळतंय."

"शनिवारी दादाच्या सभेला शिकागोहून मोठा बोलणारा येतोय म्हणे."

"येतोय. 'लढाईत पडू नका' समितीचा. हाल्वर अध्यक्ष आहे ना जिल्ह्याचा. रोज आरशासमोर घसा खाकरतो."

"मी जाणार आहे ऐकायला. पहिल्या रांगेत बसणार."

बोर्गहिल्डचं लाटणं थांबलं. "भावोजींना चालेल?"

"न चालायला काय झालं? त्याला लढाई हवी, त्याने जावं. तळघराचा जिना चढताना गुडघा धरतो." इंगेबोर्गने पोळी अशी आपटली की पीठ उडालं. "ज्यांच्या घरात पाठवायला पोर नाही त्यांना लढाई फार सोपी असते, वहिनी. मीच बोलते, कारण पोर मलाच झालं नाही. रोज रेडिओला कान लावतो, रोज म्हणतो अमेरिकेने आता उतरलंच पाहिजे. अरे, कोणाचं लेकरू घेऊन उतरतोस?"

बोर्गहिल्डने आजूबाजूला बघितलं. बाकीच्या बायका पलीकडे बटाटे सोलत होत्या. "सांगू का तुला? मला वाटतं भावोजी बरोबर आहेत."

"तुला?"

"हळू. येन्सच्या गावात जर्मन शिपाई बसलाय. हाल्वर म्हणतो आपण पडायचं नाही. कशात पडायचं नाही? माझ्या भावाच्या अंगणात? पण त्याच्यासमोर बोलायचं म्हणजे त्याच्या भावाचं थडगं मध्ये येतं."

इंगेबोर्गला हसू फुटलं. "आपण नवरेच बदलायला हवे होते."

"नको ग बाई. भावोजी दुकानभर बोलतात. मला गप्प माणसाची सवय आहे."

"गप्प? शनिवारी बघ!"

हसता हसता इंगेबोर्गचा चेहरा उतरला. तिने पट्टी खाली ठेवली. "वहिनी, तुझ्यापासून लपवायला मला सांगितलंय. मी लपवणार नाही. सिगुर्द सोमवारी चाललाय. कॅनडात, टोरोंटोला. नॉर्वेच्या वैमानिकांची छावणी आहे तिथे, त्यांना आपली इकडची पोरं चालतात. पेडर त्याला स्टेशनवर नेऊन सोडणार. दादाला न सांगता."

तव्यावरची पोळी काळी पडली. कोणी उलटली नाही.

*

बोर्गहिल्ड घरी परतली तेव्हा सांगायचं काही उरलं नव्हतं. सिगुर्द स्वयंपाकघरात हात धूत होता, आधीच स्वच्छ असलेले. हाल्वर खुर्चीत बसून मेणबत्तीसारखा ताठ झाला होता.

"तुला माहीत होतं?" हाल्वरने विचारलं.

"आजच कळलं. वन्संनी सांगितलं."

"बघ. माझी बहीण सांगते. माझा मुलगा इतके दिवस सांगत नाही."

"सांगितलं की सकाळी," सिगुर्द पाठमोराच म्हणाला. "पिंपापाशी सांगितलं. तुम्ही म्हणालात, तोंड बंद कर."

"मी म्हणालो, ज्या देशाने तुला पोसलं त्याचे आधी आभार मान. तुझ्या पणजोबाकडे तिकडे पाय ठेवायला खडक नव्हता. इथे त्याला जमीन मिळाली. कोणी दिली? नॉर्वेच्या राजाने? ह्या देशाने दिली, आणि बदल्यात एकच मागितलं, की जुनी भांडणं समुद्रापलीकडे ठेवून या. आम्ही ठेवली. आणि तरी आंदेर्स गेला."

"आंदेर्सकाकाला सरकारने पाठवलं. मी माझ्या पायाने चाललोय."

"म्हणून तू शहाणा? त्याच्याकडे निदान निमित्त होतं!"

"बाबा, तुम्ही देशाचे आभार मानता. बरोबर आहे. पण नावं कोणी दिली आपल्याला? ही भाषा, हे जेवण, रविवारी तुम्ही गाता ती भजनं? ती माणसं आता मार खाताहेत, आणि आपण इथे सभा घेतोय की मार खाऊ देत. हे आभार मानणं?"

हाल्वर उठला. बोर्गहिल्डला वाटलं आता हात उचलतो. त्याने फक्त खिडकीकडे बोट दाखवलं. बाहेर तिन्हीसांजेच्या उजेडात ती पिवळी भिंत दिसत होती.

"ज्या माणसाने तिथे कंदील धरला होता, त्याच्या गाडीत बसून जाणार तू. तेवढं लक्षात ठेव."

तो बाहेर गेला. सिगुर्द माळ्यावर गेला. जेवणाची दोन ताटं तशीच राहिली. बोर्गहिल्ड एकटी जेवली. तिला भूक नव्हती, पण ती अशा घरातून आली होती जिथे वाढलेलं परत भांड्यात टाकत नसत. ती जेवली आणि रिकाम्या खोलीला म्हणाली, "जेवणाबद्दल आभार." कोणीतरी म्हणायला हवं होतं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माशाचं पाणी बदलायला दूधघरात गेली. झाकण काढलं आणि नाकाला झोंबला तो वास सोड्याचा होता. ताज्या पाण्याचा नव्हता.

तिने हात घातला नाही. लाकडी चमचा घातला. मासा चमच्यावर आला नाही, चमच्याभोवती विरघळला. पांढरट, बुळबुळीत, लगदा. तळाशी काही तुकडे अजून आकार धरून होते. बाकी सगळी मोळी गेली होती.

तिला क्षणात कळलं काय झालं ते. काल सकाळी दोघे बाप्ये पाणी ओतायला इथे उभे राहिले. पोराने टोरोंटो काढलं, बापाने आंदेर्स काढला. शब्दाला शब्द लागला. एक ह्या दाराने गेला, एक त्या दाराने. प्रत्येकाला वाटलं दुसरा ओतेल. नॉर्वेचं काय करायचं ह्यावरून दोघे इतके पेटले, की हातातला नॉर्वेचा शेवटचा मासा त्यांनी साबण करून टाकला.

बोर्गहिल्ड अंगणात आली आणि ओरडली. लग्न झाल्यापासून ती ह्या अंगणात कधी ओरडली नव्हती. गोठ्यातून हाल्वर धावत आला, कोठारातून सिगुर्द. दोघांना वाटलं आग लागली.

"या! बघा तुमची लढाई!"

दोघांनी पिंपात बघितलं. आधी सिगुर्दचं तोंड पडलं, मग हाल्वरचं.

"मला वाटलं हा—" हाल्वर म्हणाला.

"मला वाटलं बाबा—" सिगुर्द म्हणाला.

"वाटलं! एकाला वाटलं दुसरा करेल! हेच चाललंय ना सगळीकडे? वॉशिंग्टनात काय वेगळं चाललंय?" तिने चमचा पिंपाच्या काठावर आपटला. "ह्या घरात नॉर्वे पाहिलेलं एकच माणूस आहे. हाल्वर, तू इथे जन्मलास. सिगुर्द, तू इथे जन्मलास. तो पेडर इथे जन्मला. तिघांनी मिळून नॉर्वेवर इतकं बोललात की मला वाटावं मीच कुठून तरी दुसरीकडून आले. कोणी विचारलं मला? एकाने तरी?"

 गाई मात्र हंबरत होत्या, त्यांना वेळेचं भान होतं.

"मी टाकून देतो हे," हाल्वर खालच्या आवाजात म्हणाला. "पेडरला सांगू नकोस. पोळी-लोणी वाढू त्या टेबलावर."

"टाकायचं नाही," बोर्गहिल्ड म्हणाली. "एक थेंब टाकायचा नाही. सिगुर्द, ताजं पाणी आण. मिळेल तेवढं धू. हाल्वर, तू पिंप धर. आणि दोघांनी बोलायचं नाही."

ते बोलले नाहीत. संध्याकाळपर्यंत धूत राहिले.

*

चर्चच्या त्या जेवणाला बापे वाढतात आणि बायका रांधतात. बोर्गहिल्ड रांधणाऱ्यांची प्रमुख, त्यामुळे इतक्या वर्षांत ती कधी बसून जेवली नव्हती. त्या शुक्रवारी तिने चुलीवरची पातेली इंगेबोर्गच्या ताब्यात दिली, अॅप्रनसकट बाहेर आली आणि तिकडे जन्मलेल्यांच्या टेबलाच्या टोकाला बसली. म्हाताऱ्यांनी सरकून जागा केली. मग तिने हाक मारली. "हाल्वर. भावोजी. सिगुर्द. वाढायचं ठेवा. इथे या."

सगळं तळघर बघत होतं. हाल्वर डावीकडे बसला, पेडर त्याच्या समोर. त्यांच्यामध्ये उकडलेल्या बटाट्यांचं ताट आणि तेवीस वर्षं.

"मागच्या भेटीबद्दल—" पेडरने सवयीने सुरुवात केली.

"आता नको," बोर्गहिल्ड म्हणाली. तिने झाकलेलं भांडं उघडलं आणि तिघांच्या ताटात एकेक डाव टाकला. थरथरता, पांढरा, आकार नसलेला गोळा.

पेडरने ताटाकडे बघितलं. "हे काय?"

"तुमची मोळी."

"हा मासा आहे?"

"होता. सोड्यात राहिला. दोघे पिंपापाशी भांडले आणि विसरले."

पेडरचा चेहरा लाल झाला. "वहिनी, पण मी का खायचा? मी काही पिंपापाशी नव्हतो."

"होतात. त्या भांडणाला काडी तुम्हीच लावलीत. माझ्या मुलाला माझ्या नकळत स्टेशनवर नेणार होतात ना? मग खा." तिने स्वतःच्या ताटातही घेतला होता. त्यावर तिने लोणी ओतलं, भरपूर, आणि पहिला घास घेतला. चव साबणाची होती. पण त्या साबणाच्या मागे, फार मागे, समुद्र होता. मांडवावर वाळणाऱ्या माशांवरून येणारा वारा होता. येन्स लहान होता, शेपट्या बांधताना त्याची बोटं चिरायची आणि तो ती तिच्या अॅप्रनला पुसायचा.

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पुसलं नाही.

"वाईट झालाय," ती म्हणाली. "पण आमच्याकडचा आहे. भावोजी, तुम्ही जपून ठेवलात आणि मला आणून दिलात, त्याचे आभार मी मरेपर्यंत मानेन. हाल्वर, तू मला ह्या देशात घर दिलंस, पोटभर दिलंस, कधी आवाज चढवला नाहीस, त्याचेही. म्हणून सांगते. मला माझा भाऊ जिवंत हवाय आणि माझा मुलगाही. दोन्ही मागणं म्हणजे फार मागणं आहे, हे मला कळतं. पण तुम्ही दोघे मला त्यातलं एक निवडायला लावता आणि वर म्हणता तत्त्वाचा प्रश्न आहे."

कोणी खात नव्हतं. म्हातारे सुद्धा.

"हाल्वर, उद्या तुझी सभा घे. जे वाटतं ते बोल. तुझं खोटं आहे असं मी म्हणत नाही. आंदेर्स माझ्याही हातचं जेवलेला आहे. आणि सिगुर्द, तू जा. मी अडवणार नाही. पण दारातून जा, चोरासारखा नको. सोमवारी स्टेशनवर तुला तुझा बाप नेईल."

"बोर्गहिल्ड," हाल्वर म्हणाला.

"नेईल," ती म्हणाली.

 मग हाल्वरने काटा ठेवला, चमचा उचलला, कारण तो पदार्थ काट्याने उचलता येत नव्हता, आणि खाल्लं. गिळलं. पुन्हा खाल्लं. पेडरने त्याच्याकडे बघितलं, मग स्वतः सुरू केलं. सिगुर्दने नाक धरून एकदम तोंडात टाकला आणि डोळे मिटले. हाल्वरचं ताट आधी संपलं. त्याने ते पुढे केलं.

"अजून आहे?"

"आहे," बोर्गहिल्ड म्हणाली.

"वाढ."

पेडरनेही ताट पुढे केलं. हाल्वर ब्रेक्के साबण दुसऱ्यांदा खातोय आणि आपण मागे, हे त्याला सोसवेना. पलीकडून कोणा म्हाताऱ्याला हसू आवरलं नाही. मग सगळं टेबल हसलं, आणि स्वयंपाकघराच्या दारात हातात झारा घेऊन उभी असलेली इंगेबोर्ग रडत हसत होती.

"जेवणाबद्दल आभार," शेवटी हाल्वर म्हणाला. रिवाजाप्रमाणे ते रांधणारीला म्हणायचं असतं. त्याने तिच्याकडे बघून म्हटलं, आणि मग क्षणभर नजर समोरच्या बाजूला, मासा आणणाऱ्याकडे गेली. म्हणाला काही नाही. पण गेली.

*

शनिवारी सभा झाली. शिकागोचा माणूस छान बोलला, अशी माणसं छानच बोलतात. टाळ्या पडल्या. मग अध्यक्ष म्हणून हाल्वर उभा राहिला. त्याने कागद काढला आणि परत खिशात घातला.

"माझं मत बदललेलं नाही," तो म्हणाला. "परक्याच्या लढाईत पोरं घालू नका. मी एक भाऊ घातलाय, मला विचारा. पण माझा मुलगा सोमवारी नॉर्वेसाठी लढायला जातोय. उद्या कोणी तुम्हाला सांगेल की हाल्वर ब्रेक्के इथे एक बोलतो आणि घरी दुसरंच चालतं. ते दुसऱ्याकडून ऐकू नका, माझ्याकडून ऐका. तो भेकड नाही आणि मीही नाही. कोणाला भिंत रंगवायची असेल तर रंगाचा डबा घेऊन दिवसा यावं."

शिकागोच्या माणसाने खुर्ची मागे सरकवली. मागच्या बाकावरून कोणीतरी 'गद्दार' म्हटलं. कोणाला, बापाला की पोराला, ते स्पष्ट झालं नाही. पहिल्या रांगेत एकच बाई टाळ्या वाजवत होती, इंगेबोर्ग, आणि ती थांबेना. शेवटच्या रांगेच्या मागे, दाराशी, पेडर टोपी हातात घेऊन उभा होता. बोर्गहिल्डने त्याला पाहिलं. ती मनातल्या मनात कोणाकोणाचे आभार मानू लागली आणि तिला यादी आवरेना. अशा माणसांत आपण आलो, जी चुकली तरी तोंड लपवत नाहीत, ह्याचेच तिने शेवटी मानले.

सोमवारी सकाळी हाल्वरने ट्रक काढला. तिघे पुढे दाटीने बसले. कोठारावरून जाताना कोणी भिंतीकडे बघितलं नाही. ती पिवळी होती, पिवळीच राहिली.

स्टेशनच्या फलाटावर दंव पडलं होतं. पेडर आधीच येऊन उभा होता, बगलेत लेफ्सेची पुरचुंडी आणि इंगेबोर्गने विणलेले लोकरीचे मोजे. इंगेबोर्ग बाजूला नाक पुसत होती. हाल्वरला बघून पेडर एक पाऊल मागे सरला.

हाल्वर त्याच्यासमोर जाऊन थांबला.

"मागच्या भेटीबद्दल आभार, पेडर."

पेडरने पुरचुंडी दुसऱ्या बगलेत सरकवली. "कुठल्या भेटीबद्दल?" त्याने कसंबसं विचारलं.

"साबण खाल्ला ती."

"अजून तोंडाला फेस येतोय," पेडर म्हणाला, आणि त्याने रुमाल काढला, पण तोंडाला नाही लावला, डोळ्यांना लावला. "मागच्या भेटीबद्दल आभार, हाल्वर. मागच्या... आभार."

गाडी आली. सिगुर्दने मोजे कोटाच्या खिशात कोंबले. आत्याच्या गळ्यात पडला, आतोबांचा हात धरला, आईला मिठी मारली. बोर्गहिल्डने त्याच्या कॉलरचा वास घेतला, गोठ्याचा आणि साबणाचा, आणि त्याला सोडलं. मग तो बापाकडे वळला. त्या पोराचं नॉर्वेजियन तसं तोडकंमोडकंच होतं, शाळेत इंग्रजी झालेलं. पण बापाचा निरोप घ्यायचा म्हणून त्याने आठवून आठवून, जमेल तितक्या गांभीर्याने म्हटलं:

"सगळ्याबद्दल आभार, बाबा."

इंगेबोर्गचा हात तोंडावर गेला.  गावात एवढेच शब्द कोरलेले किती दगड होते! आंदेर्सच्या थडग्यावर नावाखाली हेच होतं. हे जिवंत माणसाला म्हणत नाहीत. हे मेलेल्याला म्हणतात.

हाल्वरने पोराच्या दंडाला धरलं. इतकं घट्ट, की सिगुर्द कळवळला.

"ते दगडावर लिहितात, गाढवा," तो म्हणाला.  "परत बोल. आजच्याबद्दल आभार, असं बोल."

"आजच्याबद्दल आभार."

"हां. आणि मग पुढच्या वेळी भेटलास की काय म्हणायचं?"

सिगुर्द बघत राहिला. मग कळलं त्याला. "मागच्या भेटीबद्दल आभार."

"ते मला ऐकायचंय. तुझ्या तोंडून. इथेच, ह्या फलाटावर. विसरलास तर घरात घेणार नाही."

"नाही विसरणार."

"जा."

गाडी हलली. सिगुर्द दारात उभा राहून टोपी हलवत होता, वळण येईपर्यंत. पेडर आणि इंगेबोर्ग हळूहळू आपल्या मोटारीकडे निघाले, एकमेकांना धरून. हाल्वर मात्र जागचा हलला नाही. रुळांकडे तोंड करून उभा होता.

बोर्गहिल्ड जवळ गेली तेव्हा तिला त्याचे ओठ हलताना दिसले. आधी वाटलं प्रार्थना करतोय. मग ऐकू आलं. तो तेच म्हणत होता, पुन्हा पुन्हा, पुटपुटत. त्यालाही उलट म्हणायचं होतं ना पोराला, तो परतेल त्या दिवशी. सराव करत होता.

"मागच्या भेटीबद्दल आभार," हाल्वर म्हणत होता. "मागच्या भेटीबद्दल आभार, सिगुर्द."